मशीन कोणाच्या हातात, हे आधी विचारा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक सांगून ठेवतो. मला उजव्या कानाने फारच कमी ऐकू येतं आणि डाव्याचंही आता काही खरं नाही. म्हणून मागे बसून कुणी काही बोललं आणि मी उत्तर दिलं नाही, तर चाचा रागावले असं समजू नका. मला ऐकू आलेलं नसतं, एवढंच.

आयोजकांनी मला विषय दिला, 'पेट्रोलच्या यंत्रांकडून विजेच्या यंत्रांकडे'. मी काही पर्यावरणाचा अभ्यासक नाही. मी मेकॅनिक आहे. बारा वर्षं आखातात बांधकामांवरच्या जनरेटरची देखभाल केली. २००३ मध्ये परत आलो आणि रत्नागिरी जिल्ह्यात, आमच्या गावच्या नाक्यावर दुकान टाकलं. ग्रास कटर, झाडं कापायची चेन सॉ, फवारणीचे पंप आणि छोटे जनरेटर दुरुस्त करतो. म्हणजे आज ज्या यंत्रांना निरोप द्यायची गोष्ट चालली आहे, त्यांच्यावरच माझं घर चाललं. तेव्हा मी जे सांगेन ते दुकानाच्या फळीवरून सांगेन.

कोकणातले जे नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्याकडे पावसाळा संपत आला की गवत कमरेपर्यंत वाढतं. आंब्याची कलमं असोत, शाळेचं पटांगण असो, कब्रस्तान असो, सगळीकडे बेणणी करावी लागते. पूर्वी हे काम विळा आणि कोयतीने व्हायचं. गेल्या वीस वर्षांत माणसं मिळेनाशी झाली आणि घरोघर पेट्रोलचा ग्रास कटर आला. गणपतीच्या सुमारास तुम्ही आमच्या कुठल्याही वाडीत आलात तर सकाळी आठपासून तो आवाज ऐकाल. डोंगराच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरा.

या मशीनचं इंजिन बहुतेक वेळा टू-स्ट्रोक असतं. तुमच्यापैकी काहींच्या अब्बांनी किंवा आजोबांनी जुनी स्कूटर चालवली असेल, तेच तंत्र. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकायचं. इंजिन हलकं, ताकद भरपूर, दुरुस्ती सोपी. पण एक खोट त्याच्या रचनेतच आहे. जळालेला धूर बाहेर जायची वाट आणि ताजं पेट्रोल आत यायची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे आत आलेल्या पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. हे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. दहा लिटरमधलं तीन लिटर पेट्रोल हवेत, आणि ती हवा पहिल्यांदा कोणाच्या नाकात? ज्याने पट्टा खांद्यावर घातला आहे त्याच्या.

मोटारी आणि मोटरसायकलींवर धुराचे नियम कडक होत गेले. या छोट्या इंजिनांकडे मात्र जगभर बराच काळ कुणाचं नीट लक्ष नव्हतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या हवा-नियंत्रण मंडळाने एक तुलना मांडली आहे. पालापाचोळा उडवायचा पेट्रोलचा ब्लोअर, माळी लोक वापरतात तो, एक तास चालवला तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं करायला २०१७ सालची एक चांगली मोटार सुमारे १,७७० किलोमीटर चालवावी लागते. म्हणजे मुंबईहून निघून दिल्ली गाठायची आणि वर अजून तीनेकशे किलोमीटर जायचं. मोटार स्वच्छ होत गेली आणि पाठीवरचं इंजिन तसंच राहिलं, म्हणून हा फरक.

धुराबद्दल एवढं पुरे. आता आवाजाकडे येतो, कारण तो माझ्या अंगावरचा विषय आहे.

काम करणाऱ्याच्या कानापाशी या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नियोश नावाची सरकारी संस्था सांगते, ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये. त्यापुढे दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. असं करत शंभरावर गेलात तर पंधरा मिनिटं. आमच्याकडे पोरं सहा-सहा तास मशीन चालवतात, आणि कानात काय असतं? मोबाईलचा इयरफोन. मशीनच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून तोही मोठ्या आवाजात.

मी वीस वर्षं दुकानात दिवसभर इंजिनं चालू करून बघत आलो. कधी कान झाकले नाहीत. कान झाकून इंजिनाचा सूर कळत नाही, असं मी म्हणायचो. तो खोटेपणा नव्हता, सूर खरंच कळत नाही. पण चार वर्षांपूर्वी नातीच्या लक्षात आलं की ती हाक मारते आणि नाना वळत नाहीत. तपासणी केली. डॉक्टरांनी कागदावरचा आलेख दाखवला. जाड आवाजांपर्यंत रेघ बरी होती, बारीक आवाजांपाशी येऊन ती खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. आवाजाने कान खराब होतो तेव्हा आधी तिथेच खड्डा पडतो. पुरुषांचं बोलणं बरंचसं कळतं, लहान मुलांचं आणि बायकांचं कमी. 'स', 'श', 'फ' निसटून जातात. मी विचारलं, औषध काय? डॉक्टर म्हणाले, आतले बारीक केस एकदा गेले की परत येत नाहीत. श्रवणयंत्र लावा आणि उरलंय ते सांभाळा.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण त्यासाठीच मी इथे यायचं कबूल केलं.

माझ्या दुकानात एक पोरगा काम शिकायला होता. हुशार, मेहनती. पुढे त्याने स्वतःची मशीन घेतली आणि ठेक्याने गवत कापायला लागला. पैसे मीच हप्त्याने दिले होते. एकदा तो म्हणाला, चाचा, मशीन दमते, पिकअप नाही. मी सायलेन्सर उघडला. आत एक बारीक जाळी असते. ठिणगी बाहेर जाऊ नये म्हणून ती असते आणि ती काजळीने भरते. ती साफ करून परत बसवायची असते. मी ती काढूनच टाकली, आतला पत्राही कापला. इंजिन मोकळं झालं आणि आवाज दीडपट वाढला. पोरगा खूश. मग दुसरे आले, तिसरे आले. 'चाचाकडे मशीन दिली की उडते,' असं नाव झालं माझं. किती मशीनच्या जाळ्या मी काढल्या, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

सहा-सात वर्षांनी तो पोरगा दुकानात आला. मी चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला. मी म्हटलं, थंडी वाजते का रे? म्हणाला, नाही चाचा, बोटांना मुंग्या येतात, पकड राहत नाही, शर्टाची बटणं बायको लावते. मशीनचा थरथराट वर्षानुवर्षं हातात गेला की बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. डॉक्टरी पुस्तकात त्याला नाव आहे. आमच्या वाडीत त्याला नाव नाही, म्हणून तो आजारही नाही. त्याचं वय तेव्हा एकतीस.

त्या दिवसापासून मी विजेच्या मशीनकडे नीट बघायला लागलो. ते येण्याआधी मला ते खेळणं वाटायचं.

आमच्या जमातीने दोन वर्षांपूर्वी कब्रस्तानासाठी नवीन मशीन घ्यायचं ठरवलं. जुनी पेट्रोलची मशीन माझ्याच दुकानात येऊन येऊन थकली होती. बैठक झाली. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी ज्या मशीनला हो म्हणेन ती यायची. चर्चा कशावर चालली होती? किंमत किती, कोण सूट देतो, गॅरंटी किती. बॅटरीचं मशीन तीन बॅटऱ्यांसह घेतलं तर पेट्रोलच्या दुप्पट-अडीचपट पैसे जात होते. विषय तिथेच संपत होता.

मी एवढंच विचारलं, मशीन चालवणार कोण? शांतता. बैठकीत बसलेल्यांपैकी कुणीच चालवणार नव्हता. चालवणारा होता तोच, बोटांना मुंग्या येणारा. तो बाहेर गडग्यावर बसला होता. त्याला आत बोलवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मलाही त्याच क्षणी सुचलं, आधी नाही. आणि कब्रस्तानाला लागून एका निवृत्त शिक्षिकेचं घर आहे. त्यांना दमा आहे. गवत कापायच्या दिवशी त्या खिडक्या लावून बसतात. त्या तर बैठकीला येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्याकडे बाया बैठकीला बसत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी पोराला आत घेतलं आणि आमच्या भाभी जाऊन बाईंचं म्हणणं लिहून घेऊन आल्या. तो कागद बैठकीत वाचला. त्यात पाचच ओळी होत्या. कुणी काही बोललं नाही, पण त्यानंतर किमतीवर वाद झाला नाही.

बॅटरीचं मशीन आलं. आता 'आणि मग सगळं छान झालं' असं मी सांगणार नाही. पहिल्या वर्षी आमची फजितीच झाली. गवत छातीएवढं होतं. एक बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांत संपायची आणि भरायला तासापेक्षा जास्त वेळ. तिन्ही संपल्या की माणूस बसून. लोक हसले. म्हणाले, चाचांनी जमातीचे पैसे घालवले.

चूक मशीनची नव्हती, आमच्या सवयीची होती. पेट्रोलच्या मशीनला आपण वर्षातून एकदा जंगलात सोडतो. बॅटरीच्या मशीनला गवत लहान असतानाच हात लावावा लागतो. दुसऱ्या वर्षी जुलैअखेर एकदा, ऑगस्टअखेर एकदा आणि पाऊस गेल्यावर एकदा, असं तीनदा कापलं. जाड झुडपं आधी कोयतीने काढली. कबरींच्या जवळ लोखंडी पातं न लावता नायलॉनची दोरी लावली, म्हणजे दगडाला धक्का लागत नाही. तीन बॅटऱ्यांत सकाळचं काम व्हायला लागलं. मशीन शाळेलाही वापरायला दिली, त्यामुळे खर्च वाटला गेला. आणि बाईंच्या खिडक्या उघड्या होत्या.

खर्चाचं म्हणाल तर पूर्ण दिवस चालणारी पेट्रोलची मशीन चार-पाच लिटर पितेच. आपल्याकडे लिटर शंभराच्या वर आहे, शिवाय ऑईल वेगळं. तेवढ्याच कामाला बॅटऱ्या भरायला चार-पाच युनिट वीज पुरते. महागातला दर धरला तरी साठ-सत्तर रुपये. इंजिनातलं बहुतेक पेट्रोल उष्णतेत, धुरात आणि आवाजात जातं. पात्यापर्यंत जेमतेम सहावा-सातवा हिस्सा पोचतो. मोटारीत वाया जाणं फार कमी. प्लग, कार्बोरेटर, फिल्टर यांचा खर्चही नाही. तो खर्च म्हणजेच माझी कमाई होती, हेही तुम्हाला कळलं असेल.

पण मग सगळ्यांनी उद्याच पेट्रोलची मशीन फेकून द्यायची का? नाही. ज्याचं पोट ठेक्यावर आहे, जो रोज सहा तास कलमांच्या बागेत डोंगर उतारावर कापतो, त्याला आजच्या किमतीत पाठीवरची मोठी बॅटरी परवडत नाही. त्याच्यावर बंदी घालून आपण शहाणे ठरणार नाही.

हे मी मनाने सांगत नाही. मघाशी कॅलिफोर्नियाचं नाव घेतलं. तिथे लॉस एंजेलिस शहराने नव्वदच्या दशकात घरांच्या जवळ पेट्रोलचे ब्लोअर चालवायला बंदी घातली. आवाज श्रीमंत वस्त्यांना नको होता. पण ब्लोअर पाठीवर घेऊन फिरणारे माळी बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले कष्टकरी होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९९८ च्या जानेवारीत ते शहराच्या सभागृहाबाहेर उपोषणाला बसले. कल्पना करा, जे मशीन त्यांचेच कान आणि फुप्फुसं खात होतं, त्याच मशीनसाठी ते उपाशी बसले, कारण भाकरी त्याच्यावर होती. पुढे २०२१ मध्ये राज्याने कायदा केला की २०२४ पासून अशी छोटी इंजिनं नव्याने विकायची नाहीत. जनरेटरना जास्त मुदत दिली. जुनी मशीन वापरायला बंदी नाही. आणि छोट्या माळीकाम करणाऱ्यांना नवीन यंत्रांसाठी मदत म्हणून तीन कोटी डॉलर ठेवले. ते पुरे आहेत की नाही यावर तिथे वाद आहे. पण पंचवीस वर्षांनी का होईना, पाठीवर मशीन कोणाच्या आहे हा प्रश्न कायद्यात आला.

आता घरात येऊ. दोन गोष्टी बोलतो, जनरेटर आणि चूल.

दुकानाबाहेर ठेवलेला छोटा जनरेटर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल खातो आणि दीड-दोन युनिट वीज देतो. म्हणजे ते एक युनिट पन्नास-सत्तर रुपयांना पडतं. मशिदीत, दुकानात, घरात चार दिवे आणि तीन पंखे चालवायचे असतील तर त्याला जनरेटर कशाला हवा? दीडशे अँपिअर-तासाची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर पुरतो. त्यातही आधी पंखे बदला. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, नवीन बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. पंखे बदलले की तीच बॅटरी दुप्पट वेळ चालते. लोक मोठी बॅटरी घेतात आणि पंखे जुनेच ठेवतात, हे उलटं आहे.

आणि ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी हे लक्षात ठेवा: पावसात भिजतो म्हणून तो पडवीत, जिन्याखाली, बंद खोलीत कधीही चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही.

तरीही जनरेटर गावातून पूर्ण जावा असं मी म्हणणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. खांब झोपले होते. रस्त्यावर पडलेली झाडं पेट्रोलच्या सॉने कापली. मी त्या भागात जनरेटर घेऊन गेलो होतो. लोक मोबाईल घेऊन रांगेत उभे राहायचे, मुंबईच्या आणि आखातातल्या पोरांना 'आम्ही जिवंत आहोत' एवढं सांगायला. त्या दिवशी बॅटरीवाला कुणी असता तर दोन तासांत त्याचं काम संपलं असतं. म्हणून माझं म्हणणं, एका गावात एक चांगला जनरेटर आणि एक चेन सॉ सगळ्यांच्या मालकीचे असावेत, नीट सांभाळलेले, संकटासाठी. घरोघरी एकेक कशाला?

आता चूल. इथे बसलेल्या मुली मला जास्त नीट सांगतील, पण हिशेब मी करून आणलाय. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात सुमारे १८० युनिटइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर तिचा दोन-तृतीयांश भांड्याला मिळतो, बाकी स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्याला मिळते. म्हणजे एका सिलिंडरचं काम साधारण १४० युनिटांत होतं. आता तुमचं बिल काढा. घरगुती बिलात शंभर युनिटांनंतर दर जवळपास दुप्पट होतो. तुमचा वापर मुळातच नव्वद युनिट असेल तर स्वयंपाकाची जवळपास सगळी वीज महागाच्या टप्प्यात जाईल आणि ती गॅसपेक्षा महाग पडेल. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो. छतावर सौर पॅनल असेल तर मात्र हिशेब बदलतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, त्यात घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॉट पॅनल वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट देतं. आमच्या पावसाळ्यात त्याहून बरंच कमी.

मग करायचं काय? गॅस ठेवा आणि बाजूला एक इंडक्शन ठेवा. चहा, दूध, भात, डाळ, पाणी तापवणं त्यावर. ज्यांच्या घरात बंद खिडकीचं लहान स्वयंपाकघर आहे त्यांना फरक लगेच कळेल. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर ते चालतं. ॲल्युमिनियमचा टोप चालत नाही, बिडाचा तवा चालतो, घावन छान होतात. सुके बोंबील भाजायला मात्र विस्तवच लागतो, त्याला इलाज नाही. आणि इंडक्शन दोन हजार वॉट ओढतो, त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं. जुन्या वायरिंगवर, एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले पैसे वायरिंग आणि गळती दिसताच वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या स्विचवर करा.

घरात ही मशीन निवडतं कोण, तेही बघा. आमच्याकडे टीव्ही कोणता घ्यायचा यावर घरातले सगळे पुरुष बोलतात आणि शेगडी लग्नात आली ती वीस वर्षं चालते. जी दिवसाचे चार तास तिच्यासमोर उभी राहते तिला कुणी विचारत नाही. हा तोच प्रश्न आहे, गडग्यावर बसलेल्या पोराचा.

एक शंका तुमच्यापैकी हुशार माणूस काढणारच. वीज तरी कुठून येते? बरोबर आहे. देशातली बहुतांश वीज अजूनही कोळशावर होते. आमच्याच जिल्ह्यात चिपळूणजवळ पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज होते आणि जयगडला कोळशावर होते. जयगडच्या प्रकल्पावरून आंबा बागायतदार कोर्टात गेले होते. तेव्हा विजेचं मशीन घेतलं म्हणजे धूर संपला, असं नाही. तो नाकाखालून चिमणीत गेला. चिमणीवर नियम लावता येतात, तिथे पाणी, वारा, सूर्य यांचा वाटा वाढवता येतो. पाठीवरच्या प्रत्येक इंजिनावर तसं काही लावणं अवघड. पण चिमणीजवळही माणसं राहतात हे विसरू नका. म्हणून वीज जपून वापरणं हे विजेच्या मशीनइतकंच महत्त्वाचं.

बॅटरीही जपायची. उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका. काम झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका. हंगाम संपला की अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली नको. मेली की भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून बिल जपा आणि विकणाऱ्याकडेच परत करा. घेण्याआधी हेही विचारा की सुटी बॅटरी किती वर्षं मिळेल आणि दुरुस्ती कुठे होईल. उत्तर 'मुंबईला पाठवावं लागेल' असं आलं तर दुसरं मशीन बघा.

माझ्या धंद्याचं काय झालं, तेही सांगतो. पेट्रोलच्या मशीनची कामं कमी होत आहेत, अजून संपलेली नाहीत. मी साठीच्या जवळ आलो, मला कंट्रोलर बोर्ड आणि बॅटरीच्या आतली सर्किटं शिकायला जड जातं. शिकतोय. पण तुमच्यापैकी जे आयटीआय करत आहेत, इलेक्ट्रिशियन, वायरमन, त्यांनी हे हातात घ्या. तालुक्यात बॅटरीचं मशीन उघडून दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. तो तुम्ही व्हा. मुलगी असेल तर आणखी चांगलं, माझ्या दुकानात जागा आहे.

आणि आज, आत्ता, काहीही विकत न घेता करायची दोन कामं आहेत. घरी जाऊन बघा, तुमच्या मशीनच्या सायलेन्सरला जाळी आहे का. नसेल तर बसवून घ्या, आमच्याकडे आणलीत तर मी पैसे घेत नाही. मी काढलेल्या जाळ्या मी परत बसवतोय, जेवढ्या सापडतील तेवढ्या. दुसरं, जो मशीन चालवतो त्याला कान झाकायचे मफ घेऊन द्या. काही शे रुपयांत येतात. त्याच्या मजुरीतून कापू नका.

त्या पोराची बोटं अजून पूर्ण बरी नाहीत. मुंग्या कमी झाल्यात. ठेक्याची कामं त्याने निम्म्यावर आणली आणि आता कब्रस्तानाचं आणि शाळेचं काम बॅटरीच्या मशीनवर करतो. गेल्या महिन्यात दुकानात आला होता. मी चहा दिला आणि त्याच्या हातांकडे बघत बसलो. कप एका हातात होता.

माझं बोलणं झालं. आता तुमचे प्रश्न. जरा पुढे येऊन विचारा, आणि तोंड माझ्याकडे करून बोला.